काळे ठिपके आणि झाडाची साल

उंदराचं फुप्फुस जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचं असतं. रंग फिकट गुलाबी, पृष्ठभाग ओलसर. पण त्या उंदराच्या शेपटीच्या शिरेत तीन आठवड्यांपूर्वी मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी टोचल्या असतील, तर त्या गुलाबी पृष्ठभागावर काळे ठिपके उमटलेले दिसतात. काही टाचणीच्या टोकाएवढे, काही एकमेकांत मिसळून मोठे झालेले. वेगळा रंग टाकावा लागत नाही. आपल्या केसांना आणि त्वचेला काळेपणा देणारं मेलॅनिन या पेशी स्वतःच तयार करत असतात, त्यामुळे प्रत्येक गाठ आपली जागा आपणच दाखवते. संशोधक भिंग घेतो आणि ठिपके मोजतो. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना वनस्पतीचा अर्क दिलेला असतो, दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांना नुसतं पाणी. दोन्हीकडच्या ठिपक्यांची संख्या शेजारी-शेजारी मांडली की उत्तर समोर येतं.

‘अमुक वनौषधीने कॅन्सरचा प्रसार रोखला’ ही बातमी आपण वाचतो, तेव्हा तिच्या मुळाशी बहुतेक वेळा असा काहीतरी प्रयोग असतो. बातमी वाचून कुणी चूर्ण मागवतो, कुणी ती थापा म्हणून सोडून देतो. मला दोन्हींपेक्षा तो ठिपका जास्त खुणावतो. तो नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही?

आधी त्या पेशींची कुळकथा. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत एका काळ्या उंदराच्या कानाच्या बुडाशी आपोआप एक गाठ उगवली. तिचं नाव बी-१६. तो उंदीर केव्हाच गेला, पण त्याच्या गाठीतल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. पुढे आयझाया फिडलर या संशोधकाने त्यांच्यावर एक विलक्षण काम केलं. फिडलर शिक्षणाने पशुवैद्य. त्याने बी-१६ पेशी उंदराच्या शेपटीतून सोडल्या, फुप्फुसात उगवलेले काळे ठिपके वेचून घेतले, त्यातल्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि पुन्हा नव्या उंदरात सोडल्या. असं दहा वेळा. प्रत्येक फेरीत फुप्फुसात तग धरणाऱ्या पेशींचीच निवड होत गेली, आणि दहाव्या फेरीअखेर हाती आल्या त्या बी-१६-एफ-१०, पसरण्यात पटाईत झालेल्या पेशी. १९७३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं.

त्याआधीच्या कामातली त्याची एक नोंद मला याहून थरारक वाटते. त्याने किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सरपेशी उंदराच्या रक्तात सोडल्या आणि त्यांचा माग काढला. चोवीस तासांनंतर त्यातल्या शंभरातली एकही धडपणे शिल्लक नव्हती, आणि शेवटी गाठ झाली ती हजारात एखादीचीही नाही. म्हणजे कॅन्सरपेशी रक्तात उतरली की तिची धडगत नसते. रक्ताच्या प्रवाहाचा मारा, प्रतिकारशक्तीच्या पेशी, अनोळखी ऊती, यांत बहुतेक सगळ्या मरतात. स्टीफन पॅजेट या इंग्लिश शल्यविशारदाने १८८९ मध्येच, स्तनांच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून लिहून ठेवलं होतं की हे बियाणं वाऱ्यावर सगळीकडे जातं, पण रुजतं ते मानवेल त्या जमिनीतच. कॅन्सरने दगावणारे बहुतेक रुग्ण मूळ गाठीमुळे दगावत नाहीत, या रुजण्यामुळे दगावतात. म्हणून हजारातली ती एक पेशी थोपवता आली, तर केवढं काही साधेल!

केरळातल्या त्रिशूर इथल्या अमला कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये रामदासन कुट्टन आणि गिरिजा कुट्टन यांच्या गटाने हेच करून पाहिलं. १९९५ मध्ये त्यांनी हळदीतलं कुर्कुमिन आणि चहातलं कॅटेचिन बी-१६-एफ-१० टोचलेल्या उंदरांना तोंडावाटे दिलं. फुप्फुसातले ठिपके लक्षणीय कमी झाले, उंदीर जास्त जगले. पुढे २००४ मध्ये याच केंद्रातून अश्वगंधेच्या अर्काचाही असाच परिणाम नोंदला गेला. आपल्या मुंबईतही, परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, अझुईन आणि भिडे यांनी १९९२ मध्ये उंदरांच्या खाद्यात हळद मिसळली आणि रसायनांमुळे पोटात होणाऱ्या गाठी तिने कमी होतात असं दाखवलं. पाटा-वरवंट्यावरची हळद अशी शास्त्राच्या तराजूत बसली आणि पारडं हललं. हे खरं आहे, आणि याचा आनंद वाटणंही साहजिक आहे.

मग हळद हे औषध झालं का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी तुम्हाला एका माणसाकडे नेणार आहे. वनस्पतीपासून कॅन्सरच्या औषधाच्या रेणूपर्यंतची वाट तो दोनदा अथपासून इतिपर्यंत चालला. त्याचा जन्म नंदुरबारचा.

नंदुरबार म्हटलं की डोळ्यांपुढे येतात मिरचीच्या पथाऱ्या, मैलभर पसरलेला लाल रंग आणि नाकातोंडाला झोंबणारा ठसका. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं हे गाव, खाली तापीचं खोरं, वर सातपुडा. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळच्या डोंगरांत भिल्ल आणि पावरा समाजातली जाणती माणसं आजही साल, मुळी, पाला ओळखून देतात. जिल्हा म्हणून नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. मनसुख वाणी २० फेब्रुवारी १९२५ रोजी जन्मले, तेव्हा हे सगळं पश्चिम खानदेशात होतं. मुंबई विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, काही वर्षं मुंबईत शिकवलं आणि मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. केली. १९६२ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. जगातल्या लाखो कॅन्सर रुग्णांच्या शिरांतून आज जी औषधं वाहतात, त्यांपैकी दोन घराण्यांचा उगम या दोघांच्या प्रयोगशाळेत आहे. नंदुरबारच्या चौकात उभं राहून किती जणांना हे नाव सांगता येईल, असं मनात येतं तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

वॉल आधी अमेरिकेच्या शेतीखात्यात होते. कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडणारी स्टेरॉइडं वनस्पतींत सापडतात का, हे ते शोधत आणि त्यासाठी हजारो झाडांचे अर्क करून ठेवत. त्यातले सुमारे हजार अर्क १९५७-५८ च्या सुमारास नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या जोनाथन हार्टवेल यांनी मागून घेतले आणि उंदरांवर तपासले. एकच अर्क जोरदार ठरला. ते झाड होतं कॅम्प्टोथेका अॅक्युमिनाटा, मूळचं चीनचं, कॅलिफोर्नियात शेतीखात्याच्या बागेत लावलेलं. तिथे ते औषधासाठी लावलंच नव्हतं.

आता खरी गंमत सुरू होते. अर्क म्हणजे शेकडो पदार्थांचं मिश्रण. टॅनिनं, शर्करा, रंगद्रव्यं, मेणं आणि त्यातच कुठेतरी तो एक रेणू, ज्याचा आकार माहीत नाही, रंग माहीत नाही, वजन माहीत नाही. शोधणार कसा? वाणी आणि वॉल यांनी उंदरालाच वाटाड्या केलं. अर्क एका द्रावकात घोळायचा, दोन थर होतात. दोन्ही वेगळे करायचे. दोन्ही थर एल-१२१० नावाचा रक्ताचा कॅन्सर टोचलेल्या उंदरांना द्यायचे. उपचार नसेल तर हे उंदीर आठ-दहा दिवसांत मरतात. ज्या थराने ते जास्त जगले, रेणू त्या थरात. मग तोच थर पुन्हा दुसऱ्या द्रावकात, पुन्हा दोन वाटे, पुन्हा उंदीर. प्रत्येक फेरीला आठवडेच्या आठवडे. रसायनशाळेतलं कुठलंही उपकरण जे सांगू शकत नव्हतं, ते उंदराचे वाढलेले दिवस सांगत होते. फेरीमागून फेरी कचरा गळत गेला आणि शेवटी हाती आली फिकट पिवळी स्फटिकं. किलोला अर्धा-एक मिलिग्रॅम इतक्या कणभर मात्रेत त्यांनी उंदरांचं आयुष्य दुपटीपर्यंत वाढवलं. १९६६ मध्ये वॉल, वाणी आणि सहकाऱ्यांनी त्या रेणूची रचना जाहीर केली. नाव कॅम्प्टोथेसिन.

तोवर दुसरी साल दारात येऊन पडली होती. २१ ऑगस्ट १९६२ रोजी आर्थर बार्कले हा वनस्पतिशास्त्रज्ञ वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचॉट जंगलात पॅसिफिक यू या झाडाची साल, फांद्या आणि पाला गोळा करत होता. यू हे हळू वाढणारं, सावलीतलं, बुटकं झाड. लाकूडतोडे त्याला निरुपयोगी समजून इतर काटक्या-कुटक्यांबरोबर जाळून टाकत. बार्कलेला त्या झाडाबद्दल काही विशेष माहिती मिळाली होती असंही नाही. कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि शेतीखातं मिळून सरसकट झाडं तपासत होते आणि १९६० ते १९८१ या काळात त्यांनी सुमारे ३५,००० जातींच्या वनस्पती चाळल्या. त्या ढिगाऱ्यातली ही एक. १९६४ मध्ये कळलं की हिचा अर्क काचपात्रातल्या कॅन्सरपेशी मारतो. ज्या सालींत हा गुण दिसे, त्या वॉल आग्रहाने मागून घेत.

बारा किलो वाळकी साल. द्रावकं, थर, उंदीर, पुन्हा द्रावकं. शेवटी मिळालं ते अर्धा ग्रॅम. पोस्टकार्डच्या कोपऱ्यावर मावेल एवढी पांढरी पूड. एवढ्या पुडीतून वाणींना रेणूतला अणू न् अणू कुठे बसला आहे ते सांगायचं होतं, आणि रेणू असा अवाढव्य की त्या काळची साधनं अपुरी पडत होती. त्यांनी तो हलक्या हाताने दोन तुकड्यांत तोडला, दोन्ही तुकड्यांची स्फटिकं केली आणि ड्यूक विद्यापीठातल्या अँड्र्यू मॅकफेल यांच्याकडून क्ष-किरणांनी त्यांची रचना काढून घेतली. मग दोन तुकडे जिथे जुळत होते तो सांधा रासायनिक तर्काने पक्का केला. १९७१ मध्ये शोधनिबंध आला. पहिलं नाव वाणी यांचं. रेणूचं नाव टॅक्सॉल.

आणि त्यानंतर? बरीच वर्षं फारसं काहीच झालं नाही. साल दुर्मीळ, रेणू पाण्यात विरघळत नाही आणि एल-१२१० वाल्या उंदरांत परिणाम यथातथाच. टॅक्सॉल फडताळात पडून राहिलं असतं. ते वाचलं ते त्याच काळ्या उंदरांमुळे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बी-१६ मेलॅनोमा ही चाचणी कॅन्सर इन्स्टिट्यूटने नव्याने वापरात आणली आणि तिच्यात टॅक्सॉल उजळून निघालं. १९७७ मध्ये त्याची पुढच्या वाटचालीसाठी निवड झाली. ज्या गाठीपासून या लेखातले काळे ठिपके आले, तिनेच कॅन्सरच्या एका सर्वांत मोठ्या औषधाला दार उघडून दिलं. उंदीर बदलला, प्रश्न बदलला आणि उत्तरही बदललं. एकाच रेणूला एका चाचणीने जवळजवळ नापास केलं आणि दुसरीने वर उचललं, म्हणून ‘उंदरांवर सिद्ध’ असं वाचल्यावर कुठल्या उंदरावर, कुठल्या गाठीवर, हे मी आधी बघतो.

१९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी टॅक्सॉलचं गुपित उघड केलं. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्मनलिकांचे दोर ताणले जातात, गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली जातात आणि काम झालं की ते दोर सुटे होतात. टॅक्सॉल दोर बांधायला मदत करतं, पण सुटू देत नाही. पेशी अर्ध्या विभाजनात अडकते आणि मरते. तोवर अशी औषधं माहीत होती ती दोर बांधूच न देणारी, म्हणजे आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आलेली विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन. सदाफुलीचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मधुमेहावरचा गावठी उपाय म्हणून तिचा अर्क कॅनडातल्या संशोधकांनी उंदीरवर्गातल्या प्राण्यांना दिला. साखर काही हलली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. त्या पेशी कोसळतात तर पांढऱ्या पेशींचा कॅन्सर का कोसळू नये, हा विचार पुढे आला आणि १९५८ च्या सुमारास एक औषध जन्माला आलं.

टॅक्सॉल माणसांना द्यायचं तर ते विरघळवायला हवं. उपाय सापडला एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात. त्या द्रावकामुळे सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांना जीवघेणी अॅलर्जी आली, चाचण्या थांबण्याची वेळ आली. मग औषध हळूहळू, तासन् तास सोडायचं आणि आधी अॅलर्जीची औषधं द्यायची, अशी रीत बसवली गेली. १९८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं की अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बाकीची औषधं हरल्यावरही साधारण तीस टक्के स्त्रियांत टॅक्सॉलने गाठी आटोक्यात येतात. डिसेंबर १९९२ मध्ये परवानगी मिळाली, १९९४ मध्ये स्तनांच्या कॅन्सरसाठीही. शंभर वर्षांच्या एका झाडाची सगळी साल सोलावी तेव्हा जेमतेम एका डोसाइतकं औषध निघे. जंगल संपेल की काय अशी भीती होती. फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी युरोपीय यूच्या पानांतून अर्धवट तयार रेणू काढून तो प्रयोगशाळेत पुरा करण्याची तऱ्हा बसवली. पानं पुन्हा फुटतात, झाड मरत नाही. आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या केमोच्या खोलीतही पॅक्लिटॅक्सेल नावाची बाटली टांगलेली असते, ती हीच.

सालीपासून बाटलीपर्यंत तीस वर्षं. आता हळदीकडे पुन्हा या. तिच्या वाटेवर उंदराचा टप्पा झाला आहे, पुढचे राहिले आहेत आणि ते अवघड आहेत. कुर्कुमिन आतड्यातून रक्तात फार कमी उतरतं आणि जे उतरतं त्याचं यकृत झपाट्याने रूपांतर करून टाकतं. टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन केंद्रात २००८ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कुर्कुमिन दिलं गेलं, तरी रक्तात सापडलं ते मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम. तपासता आलेल्या २१ रुग्णांपैकी दोघांत काही परिणाम दिसला. शून्य नाही, पण ज्याच्या भरवशावर केमो सोडून द्यावी असंही नाही.

शेपटीच्या शिरेचा प्रयोगही नीट पाहिला पाहिजे. शेपटीतून निघालेलं रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून थेट फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत जातं, म्हणून गाठी तिथे होतात. कॅन्सर मूळ गाठीतून सुटतो कसा, रक्तवाहिनीची भिंत भेदून आत शिरतो कसा, हा अर्धा प्रवास या प्रयोगात वगळलेला असतो. शिवाय अशा अनेक प्रयोगांत अर्क देणं सुरू होतं पेशी टोचतानाच, कधी त्याच्याही आधी. आपल्या दवाखान्यात माणूस येतो तेव्हा कॅन्सरपेशी त्याच्या शरीरात वाढू लागून बहुधा वर्षं झालेली असतात. प्रयोगातले सगळे उंदीर एकाच वाणाचे, एकमेकांच्या हुबेहूब प्रती, एकाच वयाचे, एकाच खाद्यावर वाढलेले. साक्री तालुक्यातली साठीची शेतमजूर बाई आणि शहाद्याचा चाळिशीतला दुकानदार यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढं त्या पिंजऱ्यात असतच नाही.

आणि काही वेळा उंदीर उलटंच सांगतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या मार्टिन बर्गो यांच्या गटाने २०१५ मध्ये मेलॅनोमा होणाऱ्या उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एन-अॅसिटिलसिस्टीन हा अँटिऑक्सिडंट मिसळला. दुकानात पूरक गोळी म्हणून तो सर्रास मिळतो. मूळ गाठींत फरक पडला नाही, पण लसिका ग्रंथींत पसरलेल्या गाठी वाढल्या. त्याच वर्षी डॅलसमध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटाने कारण दाखवलं. कॅन्सरपेशी रक्तात उतरते तेव्हा तिच्यावर ऑक्सिडेशनचा जबरदस्त ताण येतो आणि फिडलरने पाहिलेल्या त्या नव्याण्णव पेशी मरण्यामागे हा ताणही असतो. अँटिऑक्सिडंट दिला की ताण हलका होतो, पण कुणाचा? निरोगी पेशीचा, तसाच कॅन्सरपेशीचाही. ‘भरपूर अँटिऑक्सिडंट’ असं छापलेल्या प्रत्येक डब्याकडे पाहताना मला आता हा प्रयोग आठवतो.

नवी मुंबईत खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट नेमका उलट्या बाजूने चालला आहे. त्यांचं म्हणणं असं की केमोने किंवा किरणोपचाराने कॅन्सरपेशी मरतात तेव्हा त्यांच्या गुणसूत्रांचे बारीक कण रक्तात सुटतात, दूरच्या निरोगी पेशींत शिरतात आणि तिथे नवा कॅन्सर पेरतात. त्यांनी माणसाच्या कॅन्सरपेशी उंदरांत वाढवल्या, उपचार केले आणि हे कण शोधले. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे द्राक्षाच्या सालीत सापडणारं रेस्व्हेरॅट्रॉल आणि सोबत अत्यल्प तांबं. रेस्व्हेरॅट्रॉल एकटं असताना अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखलं जातं, पण तांब्याच्या सहवासात ते ऑक्सिजनचे जहाल कण तयार करतं, आणि हे जहाल कण ते तरंगते तुकडे निकामी करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या गोळीची बातमी झाली, ती हीच. कल्पना धाडसी आहे, सगळ्या कॅन्सरतज्ज्ञांनी ती अजून स्वीकारलेली नाही आणि मोठ्या मानवी चाचण्यांशिवाय ती गोळी पसरणं थांबवते असं म्हणता येणार नाही. पण एका वनस्पतिजन्य रेणूचा स्वभाव शेजारी कोण बसलं आहे यावर बदलतो, हे पाहून मी थक्क झालो.

शेजारी कोण आहे, हा प्रश्न रुग्णाच्या बाबतीत जिवावर बेतू शकतो. कॅम्प्टोथेसिनची पहिली मानवी चाचणी सत्तरच्या दशकात मूत्राशयातल्या रक्तस्रावामुळे बंद पडली होती. १९८५ मध्ये ते काम कसं करतं हे कळलं, रेणूत फेरफार झाले आणि १९९६ मध्ये टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही त्याची दोन अपत्यं औषध म्हणून अमेरिकेत आली. २००२ मध्ये रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी इरिनोटेकॅन घेणाऱ्या पाच रुग्णांना सेंट जॉन्स वर्ट ही मन प्रसन्न ठेवणारी म्हणून घेतली जाणारी वनस्पती देऊन पाहिली. रक्तातला औषधाचा परिणामकारक अंश ४२ टक्क्यांनी घटला. वनस्पतीने यकृताचा वेग वाढवला आणि यकृताने औषध लवकर बाहेर फेकलं. रुग्णाला काहीच जाणवलं नसतं. नंदुरबारच्या वाणींनी सालीतून उपसून काढलेलं औषध दुसरी एक निरुपद्रवी वाटणारी वनस्पती जवळजवळ अर्ध्यावर आणू शकते. म्हणून केमो चालू असताना घेतलेला प्रत्येक काढा, प्रत्येक चूर्ण डॉक्टरांच्या कानावर घालावं. ते रागावतील म्हणून लपवू नये.

कॅम्प्टोथेसिनची गोष्ट महाराष्ट्रात परतली, तीही फार लवकर. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मुंबईत गोरेगावच्या सीबा रिसर्च सेंटरमध्ये सह्याद्रीतल्या एका घाणेरड्या वासाच्या झाडात तोच रेणू शोधला, आणि चिनी झाडापेक्षा भरपूर. त्या झाडाला आपण नरक्या म्हणतो. आंबोली, चंदगड, सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्याची बेसुमार तोड झाली, चोरट्या वाहतुकीचे ट्रक पकडले गेले. वाणी चिनी झाडाच्या साली चाळत होते तेव्हा त्यांच्या जन्मगावाच्याच राज्यात, पश्चिमेच्या घाटात, हे झाड उभं होतं. वाणी ११ एप्रिल २०२० रोजी गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी.

एक कोडं मात्र सुटायला २००८ साल उजाडलं. कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेझ-१ या विकराला पकडतं. डीएनएला पीळ पडला की हे विकर एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापलेल्या फटीत जाऊन बसतं, धागा जोडला जात नाही आणि पेशी मरते. पण हे विकर वनस्पतींतही असतं. मग विष बनवणारं झाड स्वतः कसं जगतं? जपानमधल्या संशोधकांनी कॅम्प्टोथेका आणि त्याच रेणूचं उत्पादन करणाऱ्या दुसऱ्या वनस्पतींचं विकर तपासलं. त्यात ७२२ क्रमांकाच्या जागी अॅस्पॅराजिनऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल बसलेलं होतं. एवढ्या एका बदलाने विष तिथे बसत नाही. आणि हाच बदल, याच जागी, याच अमिनो आम्लाचा, त्याआधीच सापडला होता कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या माणसाच्या कॅन्सरपेशींत. झाडाने स्वतःला वाचवायला लाखो वर्षांत जी युक्ती शोधली, ती कॅन्सरपेशीने औषधाच्या माऱ्याखाली थोड्याच काळात शोधून काढली. आता काही संशोधक विष बनवणाऱ्या इतर झाडांची विकरं तपासतात. झाडाने स्वतःला जिथे बदललं आहे, तिथेच कॅन्सर पुढे बदलेल का, हे औषध रुग्णाला देण्याआधीच ओळखता येईल, या आशेवर.